करवणे आणि न करवणे : कामाच्या ठिकाणचा न्याय व कामगाराचा हुरूप यांच्या परिभाषेचे परीक्षण

मराठी क्रियापदाच्या रूपव्यवस्थेत 'व' ह्या प्रत्ययाचे दोन उपयोग आहेत. 'मालक कामगाराकडून काम करवतो' ह्या वाक्यातील क्रियापद प्रयोजक होय. तेथे करणारा एक व करविणारा दुसरा असतो. 'कामगाराला आता हे काम करवत नाही' ह्या वाक्यातील क्रियापद शक्य होय. तेथे करविणारा कोणीच नसतो, आणि जो करणारा आहे तो चतुर्थीत उभा असतो. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) ह्या ग्रंथापासून हा भेद व्याकरणाच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित आहे. परंतु ह्या दोन रूपांमधील अंतर केवळ व्याकरणापुरते नाही. कामाच्या ठिकाणचा न्याय आणि काम करणाऱ्याची उमेद यांचा संबंध सांगणारे जे लेखन गेल्या काही दशकांत मराठीत आले, त्याचा विचार करताना हे अंतर पदोपदी आडवे येते.

व्यवस्थापनशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ह्या विषयावर एक प्रकरण हटकून असते. त्यातील मध्यवर्ती संज्ञा 'अभिप्रेरणा' ही असून तिच्याबरोबर येणारे वाक्य बहुधा ठरलेले असते : व्यवस्थापकाने कर्मचाऱ्यांना अभिप्रेरित करावे, आणि न्याय्य वागणूक हे त्याचे एक साधन आहे. ह्या वाक्याची घडण पाहावी. कर्ता व्यवस्थापक आहे, कर्म कर्मचारी आहे आणि न्याय तृतीयेत, म्हणजे करणाच्या स्थानी गेला आहे. वाक्य प्रयोजक वळणाचे आहे. मुळात 'प्रेरणा' हा शब्दच संस्कृतातील प्रयोजक धातुरूपावरून आलेला असल्याने त्यात कोणीतरी कोणाला तरी ढकलण्याचा अर्थ आधीपासून वसत आहे.

ह्याच्या शेजारी बोलीतील शब्द ठेवले म्हणजे निराळेच चित्र दिसते. कामगाराला हुरूप येतो, त्याची उमेद खचते, त्याचे कामात मन लागते, कामावरून मन उडते. ह्या सर्व प्रयोगांत काम करणारा हा अनुभव घेणारा आहे. त्याला काही होते, त्याच्याकडे काही येते वा त्याच्याकडून काही निघून जाते. दुसऱ्या बाजूला तो कामात जीव ओततो, अंग चोरतो किंवा नुसत्या पाट्या टाकतो; येथे मात्र तो पूर्णपणे कर्ता आहे. ह्या दोन्ही गटांत मालक कोठेच नाही. 'हुरूप देणे', 'उमेद वाढविणे' असे प्रयोग मराठीत आहेत हे खरे. पण ते बहुधा शिक्षक, वडीलधारे, सोबती ह्यांच्यासंबंधी योजले जातात. जो पगार देतो तो हुरूपही देतो, असे मराठी बोलणारा सहसा म्हणत नाही. पगार मिळाल्यावर, किंवा तो वेळेवर न मिळाल्यावर, हुरूपाचे जे व्हायचे ते आपोआप होते.

केवळ शब्दांच्या ठेवणीवरून समाजशास्त्रीय निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, आणि तसा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. प्रश्न एवढाच आहे की, न्याय हे हुरूपाचे साधन मानणारी वाक्यरचना जी वस्तुस्थिती सांगू पाहते ती तिला सांगता येते काय. त्यासाठी ह्या रचनेमागील मूळ सिद्धांत आणि मराठी भाषकांच्या अनुभवातील एक ठसठशीत उदाहरण, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्या, ही दोन्ही एकत्र पाहणे आवश्यक आहे.

सिद्धांताचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधन करणाऱ्या जॉन स्टेसी ॲडम्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६३ व १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या दोन निबंधांत 'इक्विटी'ची उपपत्ती मांडली. काम करणारा आपण कामात काय घालतो व त्यातून आपल्याला काय मिळते ह्यांचे गुणोत्तर मनाशी मांडतो आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी गुणोत्तराशी ताडून पाहतो. दोन्ही सारखी नसली की त्याला अस्वस्थता वाटते, आणि ती घालविण्यासाठी तो कष्ट कमी करतो, जास्त मागतो, तुलनेचा माणूस बदलतो, मनाची समजूत घालतो किंवा नोकरी सोडतो. पुढे १९७५ साली थिबो आणि वॉकर यांनी निर्णयाच्या पद्धतीतील न्यायाकडे लक्ष वेधले. १९८६ साली बीज व मोॲग यांनी माणसामाणसांतील वागणुकीच्या न्यायाचा मुद्दा मांडला. ह्या सर्वांना मिळून 'ऑर्गनायझेशनल जस्टिस' हे नाव १९८७ साली जेरल्ड ग्रीनबर्ग यांनी दिले.

'इक्विटी'चे मराठी रूपांतर करताना झालेला गोंधळ येथे नोंदविला पाहिजे. काही ठिकाणी 'समता' हा शब्द योजला जातो, काही ठिकाणी विधिपरिभाषेतील 'समन्याय'. ह्यांपैकी 'समता' हा शब्द सपशेल चुकीचा आहे. कारण ॲडम्सच्या उपपत्तीत सर्वांना सारखे मिळावे अशी अपेक्षा नसून ज्याने जास्त घातले त्याला जास्त मिळावे अशी आहे. शिवाय मराठीत 'समता' ह्या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. डॉ. आंबेडकर ज्या समाज समता संघाशी निगडित होते त्याचे 'समता' हे पत्र १९२८ साली निघाले. त्या शब्दाने जे मागितले होते ते गुणोत्तराच्या हिशेबात बसणारे नव्हते. 'समन्याय' हा शब्द अधिक अचूक खरा, परंतु तो न्यायालयाच्या पायऱ्या उतरून कारखान्याच्या फाटकापर्यंत आलेला नाही. परिभाषेच्या दृष्टीने 'वाट्याची तुलना' हे साधे शब्द त्या उपपत्तीला पुरेसे झाले असते. त्यात भारदस्तपणा नाही, हाच बहुधा त्यांचा दोष ठरला असावा.

नावापेक्षा अधिक गंभीर अडचण उपपत्तीच्या गाभ्यात आहे. ॲडम्सने कामगार कामात काय काय 'घालतो' ह्याची जी यादी दिली तीत शिक्षण, अनुभव, कौशल्य, ज्येष्ठता व श्रम यांच्या जोडीने वय, लिंग, वांशिक पार्श्वभूमी आणि सामाजिक दर्जा हेही घटक आहेत. त्याचा युक्तिवाद असा की, देवघेवीतील माणूस ज्या गुणाला मोल आहे असे समजतो तो गुण त्या माणसाच्या लेखी हिशेबात धरलाच जाणार. वर्णन म्हणून हे अगदी बरोबर आहे. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, उच्च जातीत जन्मलेला कामगार आपली जात ही 'घातलेली' वस्तू मानत असेल आणि त्याला तिच्या मोबदल्यात जास्त मिळत असेल, तर त्याच्या मनाचे गुणोत्तर बिनतक्रार जुळते, त्याला अस्वस्थता वाटत नाही आणि तो हुरूपाने काम करतो. उपपत्ती न्यायाची नाही; न्याय झाल्याच्या भावनेची आहे. हा भेद मूळ निबंधांत पुरेसा स्पष्ट आहे. पाठ्यपुस्तकांत तो पुसला गेला, आणि भावना हीच न्यायाची मोजपट्टी होऊन बसली.

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. गिरणीत विणकाम खात्यातील मजुरी कताई खात्यातील मजुरीपेक्षा चांगली असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कामगार कताईच्या रिंगखात्यात मोठ्या संख्येने होते, परंतु विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. त्याचे सांगितले जाणारे कारण तांत्रिक होते. धोट्यातील कांडी संपली म्हणजे विणकर नवी कांडी बसवी आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढी. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. म्हणून अस्पृश्य विणकर खात्यात आला तर आपण बाटू, असे सवर्ण विणकर म्हणत. सूत दुसऱ्या साधनाने ओढता आले असते, हे सांगावयास अभियंत्याची गरज नव्हती.

१९२८ सालच्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार सामील होते. संपाचे एक प्रमुख कारण म्हणजे मालकांची कार्यक्षमतेची योजना : विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कताई कामगाराने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात. ॲडम्सच्या भाषेत, घालावयाचे वाढले आणि मिळावयाचे त्या प्रमाणात वाढले नाही; उपपत्ती येथे चपखल बसते. परंतु त्याच संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी विणकाम खात्यातील प्रवेशबंदीचा प्रश्न उपस्थित केला आणि संपाच्या मागण्यांत तिचा अंतर्भाव व्हावा असा आग्रह धरला. कामगार नेत्यांनी तो मान्य केला तो नाखुशीनेच. म्हणजे एकाच वेळी, एकाच आवारात, न्यायाच्या दोन मागण्या उभ्या होत्या. त्यांपैकी पहिली गुणोत्तराची होती. दुसरी मागणी गुणोत्तर मांडण्याचा अधिकारच मागत होती; कारण ज्याला मागाजवळ उभे राहू दिले जात नाही त्याने आपल्या वाट्याची तुलना कोणाशी करावी? तुलनेचा माणूस निवडण्याचे स्वातंत्र्य ॲडम्सने गृहीत धरले आहे, आणि रिंगखात्यातील त्या कामगाराला नेमके तेच नव्हते.

ह्याहूनही अवघड गोष्ट ही की, विणकाम खात्यातील सवर्ण विणकराची कामावरील निष्ठा काही अंशी त्या बंद दारावर उभी होती. जास्त मजुरी आणि खात्याची 'शुद्धता' ह्या दोहोंनी मिळून त्याचा विणकर म्हणून अभिमान घडला होता. न्याय केला की हुरूप वाढतो, हे विधान त्याच्या बाबतीत उलटे फिरते. दार उघडले असते तर त्याचा हुरूप घटला असता, आणि हुरूप हे ज्याचे ध्येय आहे अशा व्यवस्थापकाने, पाठ्यपुस्तक प्रमाण मानून, ते दार बंदच ठेवले असते. प्रत्यक्षात अनेक वर्षे तसेच घडले. साधन म्हणून स्वीकारलेला न्याय साध्य बिघडताच टाकून देता येतो, आणि ही शक्यता त्या तृतीया विभक्तीत सुरुवातीपासूनच दडलेली असते.

गिरण्यांवरील मराठी ललित लेखनात ह्या प्रश्नाचा माग काढू गेल्यास हाती फार थोडे लागते. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) ह्या कादंबरीने गिरणगाव मराठी वाचकांसमोर आणले; परंतु ह्या संबंधात ज्याचा विचार टाळता येत नाही तो मजकूर गिरणीतला नाहीच. तो रेल्वेतला आहे : बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या संग्रहाला जिचे नाव मिळाले ती 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा. ॲडम्सचा पहिला निबंध आणि हा संग्रह एकाच वर्षीचे आहेत, हा योगायोगच.

ह्या कथेतील शिकलेला दलित तरुण मुंबईहून गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो. तेथे तो आपली जात सांगत नाही. सहकारी त्याला आपल्यातला समजून आपुलकी दाखवितात, मान देतात. खरा प्रकार कळल्यावर तीच माणसे त्याला मारहाण करतात. कथेतील दुसरा दलित कामगार, काशिनाथ, आपली जात लपवीत नाही आणि अपमानही गिळत नाही. ह्या दोन व्यक्तिरेखांतील विरोधावर टीकाकारांनी भरपूर लिहिले आहे. कामाच्या ठिकाणच्या न्यायाच्या दृष्टीने मात्र कथा क्वचितच वाचली गेली, आणि तशी ती वाचली असता काही गोष्टी नव्याने दिसतात.

पहिली म्हणजे, जात कळण्यापूर्वी आणि कळल्यानंतर त्या तरुणाचे काम तेच आहे, अंगची पात्रता तीच आहे, पगार देणारी रेल्वेही तीच आहे. गुणोत्तराच्या दोन्ही बाजूंना काहीही हललेले नाही. बदलले आहे ते एक नाम. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. जो मान त्याला आरंभी मिळतो त्याने वरवर पाहता त्याला सुख व्हावयास हवे. परंतु हा मान आपल्या नावे जमा झालेला नाही, दुसऱ्याच कोणाच्या तरी नावे जमा झालेला आहे, हे त्याला ठाऊक आहे. चांगल्या वागणुकीनेही माणूस अस्वस्थ होऊ शकतो हे ॲडम्सला माहीत होते. रोझेनबॉमसह १९६२ साली केलेल्या प्रयोगात त्याने काही विद्यार्थ्यांना तुम्ही ह्या कामाला अपात्र आहात असे सांगून पूर्ण दराने कामावर घेतले, आणि त्यांनी पात्र म्हणून घेतलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक काम केले. दोन्ही गटांचा दर एकच होता; फरक होता तो केवळ त्यांना ऐकविलेल्या एका वाक्याचा. (मानसशास्त्राने ह्या प्रयोगाची नोंद वेतनाचा परिणाम म्हणून केली, भाषाशास्त्राने ती वाक्याचा परिणाम म्हणून करावयास हरकत नव्हती.) प्रयोगातील विद्यार्थी आणि बागुलांचा नायक ह्यांच्यातील फरक हा की, विद्यार्थ्याला जास्त काम करून हिशेब चुकता करता येतो. नायकाला तो कोणत्याही श्रमाने चुकता करता येत नाही, कारण त्याच्याकडे श्रमाची बाकी निघालेलीच नाही.

तिसरी गोष्ट शीर्षकाची आहे. अन्यायासंबंधी बोलताना मराठी माणूस बहुधा 'अन्याय झाला' असे म्हणतो. 'अन्याय केला' हा प्रयोग आहे, पण तो भांडणाच्या प्रसंगी बाहेर पडतो. एरवी अन्याय पावसासारखा होतो आणि करणारा दिसत नाही. (न्यायाची अवस्था हल्ली आणखी चमत्कारिक झाली आहे. नटाने भूमिकेला आणि आचाऱ्याने पुरणपोळीला न्याय दिल्याचे वृत्तपत्रांत वाचावयास मिळते. इंग्रजीची ही पडछाया आता निघण्यासारखी नाही.) बागुलांच्या शीर्षकात मात्र कर्ता आहे आणि तो प्रथमपुरुषी आहे. 'मी' ने 'चोरली'. ज्याच्यापासून सर्व काही हिरावून घेतले गेले तोच चोरीचा कर्ता म्हणून उभा राहतो. वरवर हा कबुलीजबाब वाटतो. वस्तुतः कर्ता नसलेल्या त्या 'अन्याय झाला'ला दिलेले हे उत्तर आहे. चोरीचा कर्ता सांगता येतो तर अन्यायाचाही सांगता आला पाहिजे, असा प्रश्न कथा वाचकापुढे टाकते, आणि तो टाकण्यासाठी तिला एकही घोषणा करावी लागत नाही.

निर्णयपद्धतीच्या न्यायाकडे वळले असता गिरण्यांचा अनुभव पुन्हा उपयोगी पडतो. 'बदली' हा शब्द कचेरीत स्थलांतराचा वाचक आहे. गिरणीत तो माणसाचा वाचक झाला. 'तो बदली आहे' म्हणजे तो कायम नाही, दुसऱ्याचा खाडा झाला तर त्याच्या जागी उभा राहणारा आहे. क्रियावाचक नाम माणसाला चिकटले आणि त्याचे नावच होऊन बसले. हा बदली कामगार सकाळी फाटकाशी येऊन उभा राही आणि जॉबर ज्याच्याकडे बोट दाखवील तो आत जाई. भरती, देखरेख, रजा, उसनवारी, कित्येकदा राहण्याची सोयदेखील जॉबरच्या हाती असे, आणि त्याला दस्तुरी दिल्याखेरीज काम मिळणे कठीण असे. भारतातील कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने १९३१ सालच्या अहवालात भरतीचे व बडतर्फीचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत अशी शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंदणी सुरू केली : ठरावीक संख्येने कार्डे द्यावयाची, कार्डधारकांनी रोज सकाळी हजेरी लावावयाची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या.

ह्या सुधारणेने बदली कामगाराचे उत्पन्न एकाएकी वाढले नाही. उपलब्ध काम तेवढेच होते. परंतु ते कोणाला व का मिळाले हे आता विचारता येऊ लागले, निदान तत्त्वतः. मिळकत तीच असताना पद्धत बदलल्याने माणसाची कामाविषयीची वृत्ती बदलते, हे थिबो व वॉकर ह्यांच्या अनुयायांनी पुढे वारंवार मांडले आणि त्याबाबत शंका घेण्याचे कारण नाही. शंका घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. पद्धतीच्या न्यायात ज्याला 'आवाज' म्हणतात, म्हणजे निर्णयापूर्वी बाजू मांडण्याची संधी, तो आवाज कोणाचा? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघ मानला, आणि मुंबईच्या कापड उद्योगात ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिले. कायद्याच्या दृष्टीने कामगारांना आवाज होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा बोनस, वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे ह्यांच्याबरोबर त्या कायद्यातील ही एकाधिकाराची तरतूद हाही वादाचा विषय होता. पद्धत शाबूत होती, आणि आपल्या वतीने कोण बोलतो हे ठरविण्याचा हक्क आपल्याला नाही, असे पद्धतीच्या आतल्या माणसांचे म्हणणे होते. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, गिरण्याच संपल्या. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) ह्या नाटकातील कुटुंब ह्या पडझडीनंतरचे आहे. त्यातील मुलांच्या हुरूपाविषयी विचारण्यात अर्थ उरत नाही. काम असेल तरच ते करवते किंवा करवत नाही.

उरला तिसरा प्रकार : वागणुकीचा, म्हणजे बऱ्याच अंशी बोलण्याचा न्याय. ह्याचे सर्वत्र उद्धृत केले जाणारे उदाहरण ग्रीनबर्ग यांचे १९९० सालचे आहे. एकाच अमेरिकन कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के वेतनकपात झाली. तिसऱ्या कारखान्यात झाली नाही. कपात झालेल्यांपैकी एका कारखान्यात प्रमुखाने सविस्तर बैठक घेऊन कारणे सांगितली व खेद व्यक्त केला, दुसऱ्यात थोडक्यात सूचना दिली गेली. कपातीच्या काळात दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या, परंतु जेथे नीट समजावून सांगितले तेथे त्या पुष्कळच कमी होत्या. अभ्यास काटेकोर आहे, आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो आवडावा असाच आहे. शब्दांचा परिणाम इतक्या उघडपणे मोजता येण्याचे प्रसंग विरळा. मात्र पाठ्यपुस्तकांनी त्यातून काढलेला बोध तपासून घेतला पाहिजे. १५ टक्के दोन्हीकडे गेले. एका ठिकाणी ते जाताना माणसाला माणूस म्हणून संबोधले गेले, हे मोलाचे आहेच. परंतु 'समजावून सांगितल्यास कर्मचारी कपात स्वीकारतात' असे जेव्हा त्याचे सूत्र केले जाते, तेव्हा संबोधन हेही करणाच्या स्थानी जाऊन बसते, आणि कामगाराला एक दिवस त्याचा सुगावा लागतोच. खेद व्यक्त करणे हे तंत्र आहे असे कळल्यानंतर खेदाला काय किंमत उरते, ह्याचा प्रयोग अर्थातच त्या अभ्यासाच्या कक्षेत नव्हता.

बोलणे एकतर्फी असू नये, ऐकणाऱ्यालाही बोलता यावे, अशी सोय कायद्याने केली आहे. निदान तिचे नाव तरी आहे. २०१० च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी तक्रार निवारण समितीची तरतूद आली. ही 'तक्रार' आणि हे 'निवारण' दोन्ही नामे आहेत. कोणी कोणाविरुद्ध काय म्हटले ह्याची खूण त्यांत नाही. गिरण्यांतील मोठा कामगारवर्ग कोकणातून आलेला होता आणि त्याच्या बोलीत ह्या जागी दुसरा शब्द होता : गाऱ्हाणे. कोकणात आणि गोव्यात गाऱ्हाणे ग्रामदैवतापुढे घालतात. त्यात कोणाला उद्देशून बोलावयाचे ते आधी नाव घेऊन सांगितले जाते, मग काय घडले, मग काय व्हावे. आणि भोवती उभे असलेले लोक होकार भरतात. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर गाऱ्हाण्यात संबोधन आहे, कर्ता आहे, आज्ञार्थ आहे आणि साक्षीदार आहेत. देवाला गाऱ्हाणे घातल्यावर त्याने ऐकलेच पाहिजे, नपेक्षा तो कसला देव, अशी धमकदेखील त्यात अनेकदा असते. हा शब्द मराठी कोशांत 'तक्रार' ह्या अर्थाने नोंदला गेला आहे. परिभाषा ठरविणाऱ्यांनी मात्र तो ग्राम्य समजून बाजूला ठेवलेला दिसतो.